मल्टिटोन: कानाचं मशीन करणारे पेजरकडे कसे वळले?

सोल्डरगन
मल्टिटोन इलेक्ट्रॉनिक्स ही लंडनची कंपनी, स्थापना १९३१. संस्थापक जोसेफ पोलियाकॉफ. रशियातले ज्यू अभियंते, मॉस्कोत टेलिफोनच्या कामात मुरलेले, १९२४ साली इंग्लंडात आले. सुरुवातीचा धंदा श्रवणयंत्रांचा. १९५६ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात डॉक्टरांना बोलावण्यासाठी त्यांनी पेजर (खिशात ठेवायचं, हाक आली की वाजणारं यंत्र) यंत्रणा बसवली आणि पुढं कंपनीचं नाव पेजरशीच जोडलं गेलं. जोसेफ यांचे चिरंजीव अलेक्झांडर चाळीसहून अधिक वर्षं अध्यक्ष होते.

कंपनीबद्दल जिथे तिथे हे दोन धंदे असे लिहिलेले असतात, जणू आधी वडापाव विकायचे आणि मग छत्र्या विकायला लागले. माझं म्हणणं असं की हा एकच धंदा आहे आणि दोन्हींना जोडणारी वस्तू म्हणजे तारेचं एक वेटोळं. १९३७ साली जोसेफ पोलियाकॉफ यांनी चुंबकीय इंडक्शन लूपचं पेटंट घेतलं. खोलीभोवती तार फिरवायची, तिच्यात आवाजाचा करंट सोडायचा आणि कानाच्या मशीनमधल्या छोट्या कॉइलनं तो हवेतून उचलायचा. आता ‘खोली’च्या जागी ‘हॉस्पिटल’ टाका आणि बोलण्याच्या जागी ‘ठरावीक सूर’. पेजर तयार.

पटतंय का? नसेल पटत तर खोडा.

कर्णपिशाच्च
पहिला मी. विषय आमच्याच खात्यातला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

लाकडी_मखर
लूपचा मुद्दा छान आहे, पण धंद्याच्या बाजूनं अर्धवट. १९४८ विसरलात. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि मेड्रेस्को नावाचं सरकारी श्रवणयंत्र लोकांना फुकट मिळायला लागलं. रचना मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या देखरेखीखाली झालेली, नावही त्यावरूनच. शेजारी फुकट वाटप सुरू झाल्यावर खाजगी यंत्रवाला काय करणार? लहान, देखणं, महाग यंत्र करून वरच्या वर्गाला विकणार, नाहीतर तीच हत्यारं घेऊन दुसरं काहीतरी बनवणार. पेजर हे ‘दुसरं काहीतरी’. तांत्रिक पूल होताच, पण तो ओलांडायला मागून रेटा लागतो.

तांब्याची_तार
दोघांच्या मध्ये एक गोष्ट राहिली: बॅटरी.

व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) काळातलं अंगावर घालायचं मशीन म्हणजे दोन बॅटऱ्या. एक एलटी (लो टेन्शन), सुमारे दीड व्होल्टची, नळीतली तार म्हणजे फिलामेंट तापवायला. दुसरी एचटी (हाय टेन्शन), २२.५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त, नळीतल्याच प्लेटसाठी. एचटीवर करंट अगदी थोडा, म्हणून ती बरेच दिवस जायची. एलटीवर सगळ्या फिलामेंटचा भार, म्हणून ती भराभर संपायची. कानाच्या मशीनचं एक बरं, रात्री झोपताना बंद करता येतं. पेजर बंद करून चालत नाही. काहीच येत नसताना चोवीस तास ऐकत बसणं हेच त्याचं काम. तापलेलं फिलामेंट घेऊन हे खिशात जमत नाही, जमलं तरी परवडत नाही.

म्हणून माझ्या मते खरी तारीख १९५२-५३. डिसेंबर १९५२ मध्ये अमेरिकेत सोनोटोन १०१० बाजारात आलं: दोन व्हॉल्व्ह, एक ट्रान्झिस्टर. १९५३ मध्ये पूर्ण ट्रान्झिस्टरची यंत्रं आली. एचटी बॅटरीची गरजच संपली. लोकांच्या हातात पडलेली ट्रान्झिस्टरची पहिली वस्तू रेडिओ नव्हती, कानाचं मशीन होती.

वसईवाला
हेच लिहायला आलो होतो. त्यात एक भर.

ट्रान्झिस्टर जिथे जन्मला त्या अमेरिकेतल्या बेल लॅबनं श्रवणयंत्रांसाठी ट्रान्झिस्टरच्या पेटंटची रॉयल्टी माफ केली होती. कारण टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचं आयुष्य बहिऱ्यांच्या शिक्षणात गेलं, त्याची आठवण म्हणून. म्हणजे त्या काळात सगळ्यांत लहान, सगळ्यांत कमी करंटवर चालणारं अॅम्प्लिफायर बनवायचं शिक्षण सवलतीत फक्त कानाच्या मशीनवाल्यांना मिळत होतं.

आणि रेथिऑन या अमेरिकी कंपनीची गंमत. त्यांचा सीके७१८ हा श्रवणयंत्राचा ट्रान्झिस्टर. जे नग खरखरीच्या किंवा गेनच्या चाचणीत नापास व्हायचे ते सीके७२२ म्हणून हौशी लोकांना विकायचे. अमेरिकेत एक अख्खी पिढी नापास मालावर रेडिओ जोडायला शिकली.

अवांतरपंत
म्हणजे आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला मिळतो तसाच माल :))

सोल्डरगन
@तांब्याची_तार, बॅटरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो लूपच्या विरोधात कसा जातो? चोवीस तास ऐकायचं तर रिसीव्हर साधा हवा. वरच्या फ्रिक्वेन्सीचा रेडिओ रिसीव्हर म्हणजे ऑसिलेटर, मिक्सर, आयएफचे टप्पे, अशी करंट खाणाऱ्या भागांची लांबलचक साखळी. लूपच्या कमी फ्रिक्वेन्सीला एक ट्यून केलेली कॉइल आणि मागे दोन-तीन टप्प्यांचं अॅम्प्लिफायर पुरतं. हुबेहूब कानाचं मशीन, फक्त शेवटी इअरफोनच्या आधी एक पहारेकरी बसवलेला.

त्यात लूपचं क्षेत्र इमारतीबाहेर झपाट्यानं मरतं. एरवी तो दोष असता, हॉस्पिटलसाठी तोच गुण. पलीकडच्या रस्त्यावर तीच यंत्रणा बसवली तरी एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत.

मिरजेची_मावशी
पहारेकरी म्हणजे काय ते जरा उलगडून सांगा. इथे सगळे रेडिओवाले नाहीत.

सोल्डरगन
सांगतो मावशी.

हॉस्पिटलात शंभर डॉक्टर, सगळ्यांच्या खिशात एकसारखं यंत्र, सगळ्यांना एकच लूप. हाक फक्त एकालाच गेली पाहिजे. जुन्या पेजरांतला सर्रास उपाय म्हणजे कंपनारी पट्टी, रीड. बारीक धातूची जीभ एका कॉइलसमोर बसवलेली. तिचा स्वतःचा एक सूर असतो. बरोबर तोच सूर आला तर ती थरथरायला लागते आणि संपर्क जोडते. शेजारचा सूर आला तर ढिम्म हलत नाही.

ही जीभ फार निवडक असते आणि म्हणूनच आळशी. सूर लागल्यापासून ती पूर्ण झुलायला वेळ घेते. त्यामुळे सूर क्षणभर वाजवून उपयोग नाही, ताणून धरावा लागतो. नंतरच्या दोन-सुरी पद्धतीत, उदाहरणार्थ मोटोरोलाच्या, पहिला सूर १ सेकंद आणि लगेच दुसरा ३ सेकंद, असा हिशोब असायचा. दोन सुरांचा फायदा साधा आहे. ३० वेगळे सूर असतील तर एकेरी पद्धतीत ३० माणसं. क्रमानं दोन सूर वापरले तर ३० गुणिले २९, म्हणजे ८७० माणसं.

बिघाड कुठे? यंत्र फरशीवर पडलं की जीभ वाकते आणि सूर सरकतो. मग यंत्र चालू दिसतं, बॅटरी ठीक असते, पण त्या माणसाला हाक कधीच पोचत नाही. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा हे वाईट, कारण कुणाला कळतच नाही.

मिरजेची_मावशी
समजलं. धन्यवाद.

खडूस_ऑडिओलॉजिस्ट
सोल्डरगन यांनी शेवटी सांगितलेल्या बिघाडामुळेच ब्रिटनच्या हॉस्पिटलांत रोज ठरलेल्या वेळी ‘क्रॅश ब्लीप’ची चाचणी होते. कार्डिअॅक अरेस्टच्या टीमला चाचणीची हाक जाते आणि प्रत्येकानं फोन करून ‘पोचली’ म्हणायचं. ज्याचा फोन आला नाही त्याला शोधायचं. पेजर उलट उत्तर देत नाही, म्हणून ही कवायत.

तिथे पेजरला पेजर कुणी म्हणत नाही. ब्लीप म्हणतात. ‘त्याला ब्लीप कर.’

निळी_सेल_६७५
सेंट थॉमसचं १९५६ हे ‘जगातलं पहिलं पेजर’ म्हणून काही ठिकाणी ठोकून देतात, तेवढं इथे नको. अल ग्रॉस या अमेरिकेतल्या संशोधकानं १९४९ मध्ये पेजरचं पेटंट घेतलं होतं आणि १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलात ते वापरात आलं. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांसाठी शहरभर चालणारी सेवाही सुरू झाली होती, टॉवरपासून सुमारे ४० किलोमीटरच्या टप्प्यात. मल्टिटोनला श्रेय द्यायचं ते मुद्दाम हॉस्पिटलसाठी घडवलेल्या आवारातल्या यंत्रणेचं.

ग्रॉसचा किस्सा प्रसिद्ध आहे. डॉक्टरांच्या संमेलनात तो वस्तू घेऊन गेला तर डॉक्टर म्हणाले, पेशंट दचकतील. आणि आमच्या गोल्फचं काय?

अवांतरपंत
दुसरं कारण आधी लिहा, तेच खरं आहे.

सोल्डरगन
@निळी_सेल, दुरुस्ती योग्य. म्हणूनच मी वर ‘पहिलं’ लिहायचं टाळलं.

गुप्तहेर_००७अ
चर्चिलचं कुणीच कसं काढलं नाही? चर्चिलच्या कानाची मशीनं मल्टिटोनची होती. अलेक्झांडर पोलियाकॉफ रशियात जन्मलेले, शीतयुद्ध ऐन भरात, त्यामुळे एमआय५ या ब्रिटनच्या गुप्तचर खात्याला शंका आली की यंत्रात छुपा मायक्रोफोन असला तर? पाळत ठेवली गेली. हेरगिरी मात्र सिद्ध झाली नाही.

अलेक्झांडर यांचे दोन मुलगे: मार्टिन, नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ, मूलद्रव्यांच्या व्हिडिओंत दिसतात ते पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचे सर, आणि स्टीफन, नाटककार-दिग्दर्शक. स्टीफन यांनी घरच्या या सगळ्या मालमसाल्यावर मालिकाही केली आहे.

तांब्याची_तार
संशय तांत्रिकदृष्ट्या अगदीच हास्यास्पद नव्हता. कानाच्या मशीनमध्ये मायक्रोफोन आहे, अॅम्प्लिफायर आहे, बॅटरी आहे. हेराला लागणाऱ्या चारपैकी तीन वस्तू आधीच हजर, फक्त ट्रान्समीटर बाकी. पण तो बसवला की बॅटरीचं आयुष्य कोसळणार आणि ज्याच्या कानात यंत्र आहे तोच पहिल्या दिवशी ओरडणार की सेल टिकत नाही.

कर्णपिशाच्च
जरा हातानं करायच्या कामाकडे या. लूप आजही जिवंत आहे. नाट्यगृह, चर्च, रेल्वेचं तिकीट काउंटर, जिथे कान आणि ‘टी’ लिहिलेली निळी पाटी दिसते तिथे १९३७ मधली तीच कल्पना चालू असते. मशीनवर ‘टी’ निवडलं की मायक्रोफोन बंद होतो आणि टेलिकॉइल, म्हणजे लूपचं क्षेत्र उचलणारी ती छोटी कॉइल, चालू होते. घरच्या टीव्हीसाठी कुणाला करायचं असेल तर हिशोब देतो.

खोली ५ बाय ५ मीटर, कडेनं एक फेरा. चौकोनी लूपच्या मध्यावर क्षेत्र म्हणजे साधारण ०.९ गुणिले करंट भागिले बाजू. मानक सांगतं की मोठ्या आवाजाला ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर मिळालं पाहिजे. म्हणजे ०.४ गुणिले ५ भागिले ०.९, सुमारे २.२ अँपिअर.

तार १.५ चौरस मिलिमीटर, २० मीटर. रेझिस्टन्स सुमारे ०.२३ ओहम. साध्या अॅम्प्लिफायरला थेट जोडली तर शॉर्टच. शिवाय तारेला इंडक्टन्स (सूर जितका वरचा तितका जास्त अडथळा) आहे, अशा एका फेऱ्याला अंदाजे ३० मायक्रोहेन्री. ५ किलोहर्ट्झला तो एकटा जवळजवळ १ ओहम होतो. म्हणजे खालच्या सुरांना पाव ओहम, वरच्यांना एक ओहम. साध्या अॅम्प्लिफायरवर वरचे सूर पडतात आणि ऐकणारा म्हणतो, ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत.’ बोलण्यातले स, श, त, क वरच्या पट्टीतच असतात.

चांगला उपाय: करंट ड्राइव्ह, म्हणजे खास लूप अॅम्प्लिफायर. फ्रिक्वेन्सी काहीही असो, करंट तोच ठेवतो. जुगाड: सिरीजमध्ये ४.७ ओहम, २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर. अॅम्प्लिफायरला सुखाचा भार मिळतो आणि १ ओहमचा फरक त्याच्यापुढे किरकोळ ठरतो. रेझिस्टर गरम होतो, म्हणून तो पडद्याजवळ किंवा लाकडाला टेकवून बसवू नका.

वसईवाला
फेरे वाढवले तर? दोन फेऱ्यांना निम्मा करंट पुरेल.

कर्णपिशाच्च
करंट निम्मा, बरोबर. पण इंडक्टन्स चौपट. वरच्या सुरांचं दुखणं उलट वाढतं. घरात दोन फेऱ्यांपर्यंत ठीक, पुढं जाऊ नका.

आणखी तीन सापळे:
आपल्या आरसीसी स्लॅबमधलं लोखंड क्षेत्र खातं, तेही वरचे सूर जास्त. फरशीखाली जाळी दाट असेल तर गणितातल्या करंटवर भागत नाही.
तारेच्या बरोबर वर बसलात तर ऐकू येत नाही, कारण टेलिकॉइल उभी असते आणि तिथे क्षेत्र आडवं. खुर्ची हातभर आत घ्या.
भिंतीतल्या चुकीच्या वायरिंगमुळे, म्हणजे फेज एका वाटेनं आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेनं गेलं असेल तर, ५० हर्ट्झची घूं लूपशिवायही येते. म्हणून लूप टाकण्याआधी मशीन ‘टी’वर ठेवून खोलीभर फिरून घ्या. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, सगळे तिथेच आपली ओळख देतात.

मिरजेची_मावशी
विचारतेच. सगळी मशीनं ‘टी’वाली असतात का?

खडूस_ऑडिओलॉजिस्ट
नाही ताई. कानाच्या नळीत पूर्ण आत जाणाऱ्या लहान मशीनमध्ये कॉइलला जागाच नसते. मागे लटकणाऱ्या मशीनमध्ये बहुधा असते, पण प्रोग्राममध्ये बंद ठेवलेली असते. घेताना ‘टेलिकॉइल चालू करून द्या’ असं स्पष्ट सांगावं लागतं. हल्ली ब्लूटूथ आहे म्हणून विक्रेते याबद्दल बोलत नाहीत. आपल्याकडे सभागृहांत लूप कमी, म्हणून मागणीही कमी.

खिशातली पेटी आणि कानापर्यंत वायर, ते पॉकेट मॉडेल मात्र आपल्याकडे फार वर्षं टिकलं आणि त्याची चेष्टा करू नये. पेन्सिल सेल गावच्या किराणा दुकानात मिळतो, बटणं बोटांना सापडतात आणि माइक कानापासून लांब असल्यानं शिट्टी कमी.

निळी_सेल_६७५
नावाला जागून: झिंक-एअर सेलचे स्टिकर रंग सगळीकडे एकच. १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि रसायन जागं होतं. काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं तसाच ठेवा, मग घाला. लगेच घातला तर व्होल्टेज चढलेलं नसतं आणि मशीन ‘बॅटरी लो’ म्हणतं. रात्री स्टिकर परत चिकटवून फारसं वाचत नाही. कोकणात पावसाळ्यात सेल दमट हवेतलं पाणी ओढतो, विदर्भात मे महिन्यात उलट सुकतो. पंधरवड्याची पाकिटं घ्या, वर्षाचा साठा करू नका.

वायरलेस_वामन
धागा पेजरवरून सेलवर गेला. परत आणतो. मल्टिटोनच्या आवारातल्या पेजरनंतर गोष्ट बदलली ती सार्वजनिक पेजिंगनं, आणि त्याची भाषाही ब्रिटनमध्येच ठरली. १९७० च्या दशकात ब्रिटिश पोस्ट ऑफिसनं कंपन्यांना एकत्र बसवून एक कोड ठरवला, पोकसॅग. तो पुढं आंतरराष्ट्रीय मानक झाला. बॅटरी वाचवायची जी हातोटी त्यात आहे ती बघण्यासारखी आहे.

वेग ५१२ बिट प्रति सेकंद धरा. सुरुवातीला किमान ५७६ बिट नुसते १०१०१०, म्हणजे १.१२५ सेकंद. मग गठ्ठे. एका गठ्ठ्यात ३२ बिटांचा ठरलेला सिंक शब्द आणि त्यामागे ८ चौकटी, प्रत्येकीत ३२ बिटांचे दोन शब्द. एकूण ५४४ बिट, १.०६२५ सेकंद.

पेजरचा पत्ता २१ बिटांचा, म्हणजे २० लाख ९७ हजार १५२ पत्ते. पण पाठवतात फक्त वरचे १८ बिट. खालचे ३ बिट चौकटीच्या क्रमांकावरूनच कळतात. समजा पत्ता १२३४५६७. आठनं भागा, बाकी ७. हा पेजर फक्त शेवटच्या, सातव्या क्रमांकाच्या चौकटीत ऐकणार (मोजणी शून्यापासून). बाकीच्या सात चौकटी झोप.

हवेत काहीच नसेल तेव्हा? पेजर गठ्ठ्याएवढ्या अंतरानं, साधारण सेकंदातून एकदा, डोळे किलकिले करून १०१० दिसतंय का बघतो. सुरुवातीचा पट्टा १.१२५ सेकंदांचा का, ते इथे कळतं. तो झोपेच्या अंतरापेक्षा किंचित लांब आहे, त्यामुळे चुकणं शक्य नाही. एका एए सेलवर पेजर आठवडेच्या आठवडे चालायचा तो याच जोरावर.

तांब्याची_तार
वा. हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याच्या लायकीचा आहे.

आणि बघा, मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच सापडतं. ‘ऐकत राहायचं पण बॅटरी खायची नाही’ हे दुखणं १९३१ मध्ये कानाच्या मशीनचं होतं आणि तेच पेजरचं.

वायरलेस_वामन
प्रत्येक ३२ बिटांच्या शब्दात २१ बिट कामाचे, १० बिट चूक पकडायला, १ पॅरिटी (सम-विषम तपासणी). आकड्यांचा संदेश असेल तर एका शब्दात ५ आकडे, म्हणजे दहा आकडी नंबर दोन शब्दांत बसतो. अक्षरं ७ बिटांची. त्यात देवनागरी मावणं शक्य नव्हतं, म्हणून आपल्याकडे १९९५ च्या आगेमागे पेजर आले तेव्हा बहुतेक मराठी रोमन लिपीत यायचं.

दोष दोन. एक, पोचपावती नाही. दोन, कुलूप नाही. संदेश उघडा जातो. स्वस्त यूएसबी रेडिओ डोंगल आणि संगणक असेल तर कुणीही वाचू शकतो. हॉस्पिटलात पेशंटचं नाव-आजार पेजरवर पाठवू नये असं सांगतात ते यासाठी.

पुणेरी_पाटी
मग हॉस्पिटलं अजून वापरतात कशाला? २०१९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की २०२१ अखेरपर्यंत पेजर बंद करा. तेव्हा तिथे सुमारे १ लाख ३० हजार पेजर होते, जगातल्या एकूण पेजरांच्या दहा टक्क्यांहून जास्त. खर्च वर्षाला ६६ लाख पौंड.

खडूस_ऑडिओलॉजिस्ट
आणीबाणीसाठी ठेवायची मुभा त्याच आदेशात होती. कारणं रोकडी आहेत. तळघरातल्या एक्स-रे विभागात मोबाइलला रेंज नसते, पेजरला हॉस्पिटलचा स्वतःचा ट्रान्समीटर असतो. एका गट-पत्त्यावर एकच संदेश टाकला की दहा जणांचे पेजर एकाच क्षणी वाजतात; मोबाइलवर दहा फोन करावे लागतील. शहरात काही घडलं आणि मोबाइलचं जाळं तुंबलं तरी आवारातला पेजर वाजतो.

अवांतरपंत
सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये पेजरांचे स्फोट झाले, त्यानंतर तिथे कुणी पेजर कमरेला लावत असेल का?

संपादक_मंडळ
राजकारणासाठी वेगळा धागा काढावा. इथे तारा आणि सेलच राहू द्या.

लाकडी_मखर
परत १९४८ वर येतो, कारण सगळ्यांनी मला तारेत गुंडाळून बाजूला ठेवलंय.

सोल्डरगन, तुमचं लूपचं पेटंट १९३७ चं. मग १९३७ ते १९५६ एकोणीस वर्षं लागली कशाला? महायुद्धाची सहा वजा करा. तरी तेरा उरतात. कल्पना हातात, कॉइल हातात, अॅम्प्लिफायर हातात. तांब्याची_तार म्हणतात बॅटरी नव्हती. ठीक. पण गिऱ्हाईक? आरोग्य सेवा आल्यावर हॉस्पिटलं एका छताखाली आली आणि एकाच मालकाची झाली. ज्या सरकारनं फुकट मेड्रेस्को वाटून श्रवणयंत्राचा बाजार खाल्ला, त्याच सरकारची हॉस्पिटलं पेजरचं गिऱ्हाईक झाली. एका दारानं गेलं, दुसऱ्या दारानं आलं.

सोल्डरगन
हा मुद्दा मात्र वजनदार आहे. मी लूपला कारण म्हणत होतो. आता म्हणेन, लूपमुळे त्यांना ते जमलं, ट्रान्झिस्टरमुळे ते खिशात मावलं आणि १९४८ मुळे ते विकलं गेलं. क्रमवारीत लूप तरीही पहिला. बाकी दोन गोष्टी ब्रिटनमधल्या सगळ्याच श्रवणयंत्रवाल्यांच्या वाट्याला आल्या होत्या. लूपचं पेटंट पोलियाकॉफ यांच्याच खिशात होतं.

लाकडी_मखर
क्रमवारीवर भांडू. पण उद्या.

पुणेरी_पाटी
कंपनीचं पुढं काय झालं?

गुप्तहेर_००७अ
१९९० च्या दशकात हाँगकाँगच्या समूहानं घेतली. नाव टिकलं, ठिकाण बेसिंगस्टोक. श्रवणयंत्रं केव्हाच मागे पडली. हॉस्पिटल, कारखाने, अग्निशमन यांच्यासाठी संदेशयंत्रणा हा धंदा.

वसईवाला
पेजर मेला म्हणणाऱ्यांसाठी: फूडकोर्टमध्ये ऑर्डर दिल्यावर हातात देतात ती थरथरणारी चकती उघडून बघा. त्यातल्या बऱ्याच आतून पोकसॅगवरच चालतात.

मिरजेची_मावशी
कर्णपिशाच्च, शेवटचं विचारते. आमच्या सोसायटीचा हॉल १२ बाय ८ मीटर आहे. ज्येष्ठ नागरिक संघ तिथेच जमतो. जमेल का?

कर्णपिशाच्च
जमेल. कडेनं एक फेरा, ४० मीटर, २.५ चौरस मिलिमीटरची तार. मध्यावर हवं तेवढं क्षेत्र मिळायला सुमारे ४.२ अँपिअर, स्लॅबचं लोखंड धरून थोडे जास्तच. रेझिस्टरचा जुगाड इथे नको. पाच अँपिअर ओढले तर ४.७ ओहमवर ११७ वॉटची शेगडी होईल. करंट ड्राइव्हचंच अॅम्प्लिफायर घ्या. तार फरशीलगत टाका. बसलेल्या माणसाचा कान सव्वा मीटरवर येतो, त्या उंचीला क्षेत्र बऱ्यापैकी सारखं मिळतं. दाराच्या उंबऱ्यावर तार पट्टीखाली झाका, नाहीतर कुणीतरी अडखळेल. स्टेजवर इलेक्ट्रिक गिटार किंवा स्वस्त डायनॅमिक माइक असेल तर तो लूपचं क्षेत्र उचलून शिट्टी मारतो. स्टेज लूपच्या बाहेर ठेवा.

आणि वरच्या मजल्यावरही ऐकू जाईल, एवढं समितीला आधी सांगा. संघाच्या बैठकीतलं सगळं बोलणं वर राहणाऱ्या ‘टी’वाल्याच्या कानात घरबसल्या पोचेल.

अवांतरपंत
एमआय५ ला कळवा.